माफीचा व्हिडिओ

अंकित मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शिरपूरला त्याच्या आजोबांचं, केशरीचंदांचं, किराणा दुकान आहे आणि समोरच माझं शिलाईचं. त्यामुळे त्याचं तोंड मला रोज बघावं लागतं. पण सांगायचं आहे ते गिरजाबाईबद्दल.

गिरजाबाईचा गावालगत अर्ध्या एकराचा भाजीचा मळा. वीस वर्षं ती सकाळी आमच्या गल्लीत यायची. जैनांच्या घरांसाठी वेगळी टोपली. तिच्यात कांदा, लसूण, बटाटा चुकूनसुद्धा नाही. आठम-चौदस, म्हणजे हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथी, तिला त्या घरांतल्या सुनांपेक्षा जास्त पाठ. "आज हिरवं नाई खात तुमी," असं तीच केशरीचंदांच्या बायकोला, पानाबाईंना, सांगायची आणि टोपली न उतरवता पुढे जायची. जिभेला हाड नाही, पण मापात पाप नाही, अशी बाई. नाल्यावरच्या पुलासाठी सात वर्षं पंचायत समितीत चकरा मारल्या आणि दर वेळी तिथल्या लोकांनी हसून परत पाठवलं, म्हणून गेल्या हिवाळ्यात ती स्वतःच तिथल्या निवडणुकीला अपक्ष उभी राहिली.

अंकित एका पक्षाचं पेज चालवतो. म्हणजे गल्ल्यावर बसून दिवसभर लोकांची अब्रू वेशीवर टांगतो. त्याला म्हणे 'सोशल मीडिया प्रमुख' म्हणतात. आमच्या वेळी चहाडखोर म्हणायचे. प्रचाराच्या दिवसांत हा मळ्यात गेला, "मावशी, तुमचाबी एक व्हिडिओ टाकून देतो" म्हणाला. गिरजाबाई तेव्हा नाल्यावर रिकामी पोती धूत होती. याने व्हिडिओत नुसते धुणारे हात ठेवले, पोती कापून टाकली, पुढे पालकाच्या जुड्या जोडल्या आणि वर लिहिलं, 'हीच भाजी खाता तुम्ही?' दोन हजार नंबरांवर गेला तो व्हिडिओ. मलाही आला. मीही तो दोन ग्रुपवर ढकलला, हसणारं तोंड लावून. लाज वाटते, पण केलं ते केलं.

निवडणुकीत ती पडली, त्याचं तिला काही नव्हतं. भाजी पडून राहिली, त्याचं होतं. गल्लीतली दारं बंद झाली, पानाबाईंचंही झालं. "मले मत नोका देऊ," ती दारोदार म्हणायची, "पन माही भाजी घान नाई, येवढं कोनी तं म्हना." कोणी म्हणालं नाही. शेवटी ती बसने केनवडच्या बाजाराला जाऊ लागली.

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणसं एकमेकांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, मिच्छामि दुक्कडम म्हणतात. अंकितने कशाला कोणाच्या दारी जावं? त्याने एक बोट दाबलं आणि पक्षाच्या चिन्हासकट दोन हजार नंबरांना माफी पोचती केली. यादी तीच होती, त्यामुळे गिरजाबाईलाही मिळाली.

दहाच्या सुमारास ती फोन पुढे धरून त्याच्या दुकानासमोर उभी राहिली.

"काहून रे अंकित, कशाची माफी मांगून राह्यला?"

"सण आहे मावशी. जाणता-अजाणता काही चुकलं असंन तं..."

"जाणता का अजाणता? येवढंच सांग."

तो हसला. "राजकारणात चालते ते. मनावर नोका घेऊ."

"मंग या लिस्टीवरच टाक. पोते धुत होती, भाजी नाई, असं टाक."

"पेज पक्षाचं आहे. वर इचारा लागते."

"खोटं टाकाले इचारलं होतं?"

तेवढ्यात आतून पानाबाई आल्या. आठ दिवसांचा उपास, भिंतीला धरून चालत होत्या. त्यांनी गिरजाबाईसमोर हात जोडले.

"गिरजा, वीस वर्सं तुह्या मळ्यातलं खाल्लं, अन् एका व्हिडिओवर दार लावून घेतलं. जाणून केलं मी. मिच्छामि दुक्कडम."

गिरजाबाईने त्यांचे हात धरले. दोघी रडल्या. मी मशीन थांबवून दारात आलो, आणि नेमका तेव्हाच अंकितचा आवाज आला, "दादी, जरा इकडे तोंड कर." गडी शूटिंग करत होता! "मावशी, आता बोला, माफ केलं म्हणून."

गिरजाबाईने डोळे पुसले आणि सरळ कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "तुह्या दादीले माफ केलं. त्यायनं काय केलं ते सांगतलं. तुले माफ नाई केलं. हे बी टाक."

दुपारी व्हिडिओ आला. जोडलेले हात, धरलेले हात, डोळ्यांत पाणी, मागे बासरी आणि खाली पक्षाचं चिन्ह. 'गिरजाताईंनी सारं विसरून माफ केलं. विरोधकही आपलेच!' मला तो चार ग्रुपवरून आला. बदमाशीलाही काही हद्द असते, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

संध्याकाळी गिरजाबाई माझ्या दुकानात आली. फोन माझ्या कानाशी धरला.

"याच्यात माहा आवाज कुठी गेला?"

"काढून टाकला त्यानं."

"मी काय म्हनलं ते तुमी आयकलं ना?"

"आयकलं."

"मंग सांगा लोकायले."

तेव्हापासून माप द्यायला येईल त्याला सांगतो, तुम्हालाही सांगतो. ती पोती धूत होती, भाजी नाही. तो व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांत मी होतो. अंकितला तिने माफ केलेलं नाही. आणि मला केलं का, हे तिला विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.