रिकाम्या डिकीचं माप

गाडी धुऊन आणलेली अंबादासला चालायची, डिकी रिकामी करून आणलेली चालायची नाही. दिल्लीतल्या पालमच्या त्याच्या गाळ्यात वूफरचा, म्हणजे गाडीतल्या मोठ्या स्पीकरचा, लाकडी बॉक्स करून घ्यायला कुणाचा फोन आला की तो पहिल्यांदा हेच सांगायचा. "भाईसाहब, डिकी जैसी है वैसी लाना. कुछ निकालना मत." गिऱ्हाईक हसायचं. रविवारी येऊन मागचं दार उघडलं की आत छत्री, फाटके बूट, बायकोने परत करायला दिलेले कुकरचे डबे, मुलाची क्रिकेटची बॅट असं सगळं निघायचं. अंबादास टेप खिशात ठेवून आधी ते सगळं नुसतं बघायचा.

कारण साधं होतं. छोट्या गाडीची डिकी म्हणजे घरातला माळाच. त्यात सीएनजीची गाडी असली तर अर्धी जागा सिलिंडरच खातो. पण आवाजाच्या हौसेत माणूस सांगतो, "पूरी ले लो, इसमें कुछ नहीं रखते." गाझियाबादच्या एका गिऱ्हाइकाने असंच सांगितलं होतं. वर्षभराने अंबादास दुसऱ्या कामासाठी त्याच्या घरी गेला, तर त्याने केलेला बॉक्स बाल्कनीत होता आणि त्याच्यावर कोथिंबिरीची कुंडी. वूफरचं भोक प्लायने बंद केलेलं. त्या दिवसापासून त्याने नियमच करून टाकला.

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात अंबादासने एकतीस वर्षं सुतारकाम केलं होतं. पावसाळ्यात फुगणारे दरवाजे, ओढल्यावर हातात येणारे ड्रॉवर, साहेब लोकांच्या खोल्यांतली डुगडुगणारी टेबलं. जालन्याहून आला तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरवून आला होता. निवृत्त झाला तेव्हा परत कशाला जायचं हेच आठवेना. नोकरीत असतानाच तिथल्या एका ड्रायव्हरने हौसेने त्याच्याकडून पहिला बॉक्स करून घेतला होता, आणि त्या कामाची गोडी लागली ती लागलीच. एरवीच्या कामात फट राहिली तर दिसते, इथे फट ऐकू येते. बॉक्स झाला की तो आतला वूफर जोरात वाजवायचा आणि सगळ्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवायचा. धूर जरा जरी थरथरला तरी तेवढा सांधा उकलून पुन्हा करायचा. वरचं कार्पेट चिकटवायचं काम वैजयंतीकडे, त्याच्या बायकोकडे. कोपऱ्यावर तिच्यासारखी घडी दिल्लीत कुणाला घालता येत नाही, असं अंबादास गिऱ्हाइकांना सांगायचा. तिला कधी सांगितलं नाही.

त्यांची मुलगी क्षिप्रा गुरुग्रामला एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर काम करायची आणि तिथेच दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची. लहानपणी सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात बाबांचे बॉक्स धमधम वाजायला लागले की ती कानात बोटं घालून अभ्यास करायची. गाण्याशी तिचा संबंध एवढाच. त्यामुळे सेकंडहँड गाडी घेतल्यावर दोन महिन्यांनी तिने फोन करून, "बाबा, मलाही एक बॉक्स करून द्या ना," असं म्हटलं, तेव्हा अंबादासला आधी आनंद झाला आणि मग नवल वाटलं.

शनिवारी ती गाडी घेऊन आली. त्याने मागचं दार उघडलं. डिकी स्वच्छ होती. नुसती रिकामी नाही, व्हॅक्यूम केलेली, पुसलेली.

"काय काय ठेवतेस यात?"

"काही नाही, बाबा."

"स्टेपनी सोडून?"

"स्टेपनी सोडून काही नाही. बिल्कुल."

अंबादास खाली वाकला. डिकीच्या उंबऱ्याच्या प्लास्टिकवर ओरखडे होते. एकाच जागी, शेजारी शेजारी, रोज काहीतरी जड आत सरकवावं आणि बाहेर ओढावं तसे. त्याने अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरा भुगा लागला.

"हे कशाचे?"

"आधीच्या मालकाचे असतील. सेकंडहँड आहे ना यार, बाबा."

जुन्या ओरखड्यात धूळ बसून तो काळा पडतो हे त्याने तिला सांगितलं नाही. त्याचा नियम तिला माहीत होता. घरात त्यावरून ती चेष्टा करायची, बाबा लोकांच्या डिकीत नाक खुपसतात म्हणून. तरी ती डिकी पुसून आली होती. म्हणजे गिऱ्हाइकांसारखं ती काही विसरली नव्हती, लपवत होती. आणि ते जगापासून नाही, त्याच्यापासून लपवायचं होतं.

"सरळ विचारा ना तिला," क्षिप्रा गेल्यावर वैजयंती म्हणाली.

"तिला सांगायचं असेल तर सांगेल."

"मग तोवर असं तोंड पाडून बसणार?"

अंबादासने बॉक्स करायला घेतला. एरवी त्याने विचारलं असतं, गाणी कुठली ऐकतेस, मागे कुणी बसतं का, धमक हवी की गाणं स्वच्छ हवं. या वेळी काही विचारलं नाही. दोन्ही चाकांच्या कमानींमधली होती नव्हती ती सगळी जागा त्याने धरली. अठरा मिलिमीटरच्या एमडीएफच्या फळ्या, बारा इंची वूफर, बाजूला हवा बाहेर टाकणारी लांब खाच, म्हणजे आवाज दुप्पट. कमानींच्या गोलाईला लाकूड असं बसवलं की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये. वूफरचं तोंड मागच्या दाराकडे, दारापासून चार बोटं लांब. नंबरप्लेटमागे रबराची वायसरं टाकली, नाहीतर तीच पत्र्यासारखी वाजते. आयुष्यातला सगळ्यात चांगला बॉक्स त्याने रागात केला.

क्षिप्राने येऊन गाणं लावलं. छातीत कुणी आतून दार ठोकावं तसा आवाज आला. तिने मागे जाऊन डिकी उघडली आणि बॉक्सपुढच्या चार बोटं जागेत हात घालून पाहिला.

"जरा छोटा नसता झाला का?"

"काही ठेवत नाहीस म्हणालीस ना."

"हो," ती म्हणाली. "मस्त झालाय."

गाडी गेल्यावर अंबादासला वाटलं, बरं झालं. तो विचार रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. जेवताना तो म्हणाला, "तिने खरं काही म्हटलंच नाही," आणि वैजयंती म्हणाली, "तुम्ही तरी काय म्हणालात?"

तीन आठवडे क्षिप्रा आली नाही. फोन यायचे, पण आईला. मग एका रविवारी सकाळी त्याच्या फोनवर तिचं नाव दिसलं. "बाबा, बॉक्समधून फरफर येतंय. घेऊन येते."

अंबादास खवळला. त्याच्या बॉक्समधून फरफर? त्याने उदबत्तीचा पुडा काढला, स्क्रू-ड्रायव्हर मांडून ठेवले. वैजयंतीही चहाचा थर्मास घेऊन खाली गाळ्यात आली. लेक बऱ्याच दिवसांनी येत होती.

गाडी थांबली. क्षिप्रा उतरली. तिच्या शेजारच्या सीटवर तिशीचा एक चष्मेवाला मुलगा बसलेला होता. तो उतरला नाही, बसल्या बसल्या हात जोडून म्हणाला, "नमस्कार काका. नमस्कार काकू. मी पुष्कर."

अंबादासने मान हलवली आणि सवयीने मागच्या सीटचं दार उघडून आत बसायला गेला. सीटवर जागा नव्हती. तिथे एक चाकाची खुर्ची होती, घडी घातलेली, सीटबेल्ट लावलेली.

त्याने खुर्चीकडे आणि पुढे बसलेल्या पुष्करकडे पाहिलं. मग अंबादास म्हणाला, "गाणं लाव."

क्षिप्राने लावलं. फरफर आली. त्याने मागच्या सीटच्या उरलेल्या वीतभर जागेत अंग घुसवलं, डोळे मिटले आणि हात फिरवायला लागला. सीटच्या पाठीवर, खिडकीच्या काचेवर, छताच्या दिव्यावर. मग खुर्चीच्या पायटेकणीवर हात ठेवला आणि फरफर थांबली. हात उचलला, पुन्हा सुरू झाली.

"बॉक्स नाही वाजत," तो म्हणाला.

"मी हिला हेच सांगत होतो, काका," पुढून पुष्कर म्हणाला. "माझी खुर्ची वाजतेय. पण हिला इकडे यायला निमित्त पाहिजे होतं. तीन आठवडे नुसती निमित्त शोधतेय."

"पुष्कर, चुप," क्षिप्रा म्हणाली.

"तीन आठवडे माझी खुर्ची साहेबासारखी मागे बसते. टोलवाला आधी तिला सलाम करतो."

वैजयंतीच्या हातात थर्मासचं झाकण तसंच राहिलं होतं. ती क्षिप्राकडे बघत होती. "किती दिवस?" तिने विचारलं.

"दीड वर्ष."

"आणि आम्हाला आज."

 क्षिप्रा बाबांकडे वळली. "खुर्ची डिकीत ठेवायचो, म्हणून डिकी पुसून आणली. तुम्ही नुसतं सामान बघून माणूस सांगता, बाबा. मला वाटलं, खुर्ची बघाल आणि त्याला बघायच्या आधीच सगळं ठरवून टाकाल. म्हटलं, आधी बॉक्स करून घेऊ, दोन-चार चकरा होतील, मग सांगू. बॉक्स त्याला पाहिजे होता. तो हातमागाच्या ऑफिसात आहे, पानिपतच्या चकरा असतात. हायवेला गाणी लागतात त्याला."

"मग बॉक्स बघून गप्प का बसलीस? खुर्ची मावत नाही हे दिसत होतं ना?"

"तुम्हीही सगळं बघूनच केलात ना तो?"

अंबादास गाडीतून बाहेर आला. नाही म्हणायची सोय नव्हती. दीड वर्षाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, पण ते ओरखडे त्याने अंगठ्याने तपासले होते. रोज तिथे काहीतरी जातं आणि उद्यापासून जाणार नाही, हे त्याला प्रत्येक फळी कापताना माहीत होतं.

"त्या दिवशी सांगितलं असतंस," तो सावकाश म्हणाला, "तर मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. चांगलंच म्हटलं असतं असं नाही."

"मला माहीत होतं," क्षिप्रा म्हणाली. तिचा आवाज मात्र पहिल्यासारखा ताठ राहिला नव्हता.

अंबादासने डिकी उघडली, बॉक्सचे चार स्क्रू काढले, तारा सोडवल्या. बॉक्स बाहेर ओढायला क्षिप्राने दुसरी बाजू धरली. चाळीस किलोंचं धूड दोघांनी गाळ्याच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. मग त्याने सीटबेल्ट सोडून खुर्ची खाली घेतली आणि पुढच्या खिडकीशी गेला.

"ही खुर्ची मला थोडा वेळ हवी आहे. तुम्हाला तोवर इथेच बसावं लागेल."

"मी कुठे पळतोय, काका," पुष्कर म्हणाला. "चाकांच्या मधोमध बटण आहे, दाबलं की चाक सुटतं."

अंबादासने बटण दाबलं. चाक हातात आलं. त्याने ते परत बसवलं, पुन्हा काढलं. आसाची दांडी नळीत शिरताना कुठे अडली नाही आणि शिरल्यावर कुठे हलली नाही. त्याने तिसऱ्यांदा करून पाहिलं.

"कुणी केली ही?"

"माप देऊन करून घेतलीय. आधीची हॉस्पिटलवाली होती, सगळ्यांसाठी एकच. तिने खांदे गेले होते माझे."

"सगळ्यांसाठी एकच असलं की जातंच काहीतरी," अंबादास म्हणाला. कामाच्या पलीकडे पुष्करशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

मग तो कामाला लागला. चाकं सीटच्या पाठीला उभी टेकवली. सांगाडा त्यांच्यापुढे आडवा ठेवून पाहिला, उभा ठेवून पाहिला. क्षिप्राला म्हणाला, "तू रोज कशी उचलतेस तशी उचल." तिने उचलली. ती उजवीकडून आत घालत होती आणि शेवटी कंबरेतून वळत होती. उंबऱ्यावरचे ओरखडे तिथेच होते. अंबादासने खडूने रेघ मारली. उजवी बाजू सगळी खुर्चीची. बॉक्स डाव्या कमानीमागे, कोपऱ्यात, जेमतेम दहा इंच रुंद. हवेची खाच नाही, चारी बाजूंनी बंद. वूफर आठ इंची.

"आवाज किती कमी होईल?" पुष्करने पुढून विचारलं.

"दणका निम्मा होईल. पण गाणं स्वच्छ येईल. कुठली गाणी ऐकता?"

पुष्कर सांगायला लागला. अंबादासने जुन्या बॉक्सचं कार्पेट उकललं, फळ्या सुट्या केल्या आणि एक आडवी टाकून कापायला घेतली.

वैजयंती इतका वेळ गाळ्याच्या पायरीवर बसून होती. आता उठली, दोन कपांत चहा ओतला आणि चालकाच्या दाराने आत शिरून पुष्करच्या शेजारी बसली. एक कप त्याला दिला. रागात असताना ती चहा सांडत नाही, अगदी काठोकाठ भरून देते. तसाच तो भरलेला होता.

"घरी कोण कोण असतं?"

"परभणीला आई. शाळेत शिकवते. बाबा नाहीत."

"त्यांना माहीत आहे?"

"हो. ती म्हणाली, आधी मुलीच्या घरी जाऊन ये, मग मला बोलवा."

"हं." वैजयंतीने स्वतःच्या चहाचा घोट घेतला. "हे कधीपासून?"

"एकोणिसाव्या वर्षी. मोटरसायकलवरून पडलो. पाठीला लागलं."

"आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. जिना अरुंद, वळणाचा."

"क्षिप्राने सांगितलंय, काकू."

"तुम्हाला सगळं सांगितलेलं दिसतंय. आम्हालाच काही नाही." तिने आणखी एक घोट घेतला. "मी लगेच हो म्हणणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"नका म्हणू," पुष्कर म्हणाला. "पण विचारायचं असेल ते आजच विचारून घ्या. खुर्ची काकांकडे आहे, मला इथून हलता येत नाही."

वैजयंतीच्या तोंडातला चहा हसू दाबताना नाकात गेला. तिने पदराने तोंड पुसलं, खोकली आणि पुढचा प्रश्न विचारला. या वेळी आवाज हळू होता. डिकीशी उभ्या असलेल्या अंबादासला काही ऐकू आलं नाही. त्याने कटरचं बटण सोडलं. क्षिप्राही जवळ सरकली.

"अहो, मशीन का थांबवलं?" वैजयंतीने पुढूनच विचारलं.

"ब्लेड बदलतोय," अंबादास म्हणाला.

ब्लेड कालच बदललेलं होतं. क्षिप्राने त्याच्याकडे पाहिलं, त्याने ओठांवर बोट ठेवलं, आणि बापलेक उघड्या डिकीत डोकी घालून ऐकत राहिले.