पट्टीखालचं झाड

नर्सरीवाल्या बापूने मला फसवलं. कोयीपासून उगवलेल्या रोपाच्या खोडाला प्लास्टिकची पट्टी बांधून त्याने ते हापूसचं कलम म्हणून माझ्या गळ्यात मारलं. पट्टीखाली सांधाच नव्हता, हे आज झाडाचा पहिला आंबा कापल्यावर कळलं. बायको फोड चोखून म्हणाली, "अहो, नुसत्या दशा! हा तर रायवळ."

बापूला फोन केला, तर म्हणतो, "तोडून टाका शेठ, दुसरं देतो."

मी कुऱ्हाड घेऊन खोडाशी गेलो आणि हात थबकला. कलम म्हणजे जुन्या झाडाचीच फांदी, म्हणून फळ हुबेहूब तेच. कोय मात्र अर्धी आईची, अर्धी बापाची. याची आई हापूस असेलही, पण बापाचा पराग कुठल्या मोहरावरून माशीने आणला, कोण जाणे. असं झाड याआधी जगात नव्हतं आणि पुन्हा होणारही नाही. पहिला हापूससुद्धा कधीतरी असाच एखाद्या कोयीतून निघाला असेल.

झाडाने मला कसलाच शब्द दिला नव्हता. शब्द तू दिलास, बापू. तोडायचंच असेल तर ये, कुऱ्हाड तू धर आणि याचा गुन्हा काय, ते याच्यासमोर मला सांग.