काँप्युटरच्या दाराबाहेर

“तू नको गं. तू फक्त वाच.”

दसऱ्याची पूजा चालली होती. खालापूरच्या आमच्या बांधकाम ऑफिसात नवा काँप्युटर आला होता. पडद्याला झेंडूची माळ घातलेली. सगळे पुढे होऊन कुंकू लावत होते. मी पुढे झाले तशी साहेबांनी हात आडवा केला. कुंकू माझ्या चिमटीतच राहिलं. मग पेढे वाटले. माझ्या तळहातावर पेढा वरून पडला.

मी तिथे ट्रेसिंगला होते. नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि शाईने रेघा ओढायच्या. बाबा मोहोपाड्याच्या कारखान्यात कामगार. आमच्या बौद्धवाड्यातून इंग्रजी शाळेत गेलेली मी पहिली. त्या शाळेत मी दोन गोष्टी शिकले. गप्प बसणं आणि बघणं.

त्या यंत्रात इमारत उभी करता यायची. नुसता नकाशा नव्हे. भिंती, जिने, छत. रेघांची अख्खी इमारत, चारी बाजूंनी फिरवून बघावी अशी. पण ते कसं करायचं हे सांगणारं जाडजूड पुस्तक इंग्रजीत. यंत्रावर बसायचा साहेबांचा भाचा. त्याला इंग्रजी जड जायचं. म्हणून मी. काचेच्या दाराबाहेर उभं राहून वाचायचं, मराठीत सांगायचं. आत त्याने बटणं दाबायची.

“आत धूळ चालत नाही,” साहेब म्हणायचे. भाचा बूट घालून आत बसायचा.

पुस्तक एकदा माझ्या हातात आलं, ते परत आत गेलं नाही. दाराबाहेरच्या स्टुलावरच राहिलं. तेव्हा मला सगळं समजलं. तरी मी वाचत राहिले. पगार हवा होता. आणि ती इमारत मला फिरवायची होती. माझ्या हाताने.

घरी आई सुकट निवडत बसली होती. तिला सांगितलं. मान वर न करता ती म्हणाली, “तुजी जीब चालते त्यांना, हात नाय चालत? मंग जीबपन देऊ नको गं.”

मोहोपाड्याच्या त्या कारखान्याचे इंजिनीयर कामगारांच्या नव्या वसाहतीची इमारत पडद्यावर बघायला आले. हे काम मिळालं की पुढच्या सगळ्या इमारती आमच्याच. साहेबांनी नवा सफारी घातला होता. भाचा मध्येच अडला. इमारत आडवी पडली, उभी होईना.

“वाच गं, पटकन.”

“आत येऊन वाचते.”

“तिथूनच वाच!”

“मग नाही वाचत.”

मी पुस्तक मिटलं. भाच्याने घाबरून कसलं तरी बटण दाबलं. इमारत गेली. काळा पडदा. एक इंजिनीयर हसला, “राहू द्या हो, आमचं कागदावरचंच बरं.” चहा पिऊन ते निघून गेले. साहेबांचा चेहरा बघताना मला आनंद झाला. तो मी लपवला नाही.

“शेवटी जात दाखवलीस,” साहेब म्हणाले.

“दाखवली. नीट बघून घ्या.”

नोकरी त्याच दिवशी गेली. यंत्रावर त्यांनी चादर घातली. आता ते सगळ्यांना सांगतात, यंत्र महाग, वीज जाते, धूळ बसते, आपल्याकडे हे चालणार नाही. लोक माना डोलावतात. वीज जाते हे खरंच. पण त्या दिवशी वीज होती. यंत्रही चांगलं होतं. ज्या बाईला ते चालवता आलं असतं, ती दाराबाहेर उभी होती.

आता मी पनवेलच्या एका ऑफिसात असंच यंत्र चालवते. वसाहतीच्या पुढच्या इमारती अजून कुणाला दिलेल्या नाहीत. साहेब त्यावर डोळा ठेवून आहेत. मीही. ते काम मी त्यांच्या तोंडातून काढून घेणार आहे. माफी मागायला आले तरी सोडणार नाही. आणि नकाशाच्या कोपऱ्यात, आखणाऱ्याचं नाव लिहितात तिथे, माझं आडनाव असेल. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.