तलावातली गाय

फिका फोटो मला सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. धारूरच्या आमच्या स्टुडिओत फोटो काढायचे ते आमच्या ह्यांनी आणि कॉम्प्युटरवर बसून ते नीट करायचे ते मी, अशी वाटणी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात झाली. भांडणंही त्याच महिन्यात सुरू झाली. ह्यांनी डोंगराचा फोटो आणायचा, मी त्याला रंग चढवायचा आणि ह्यांनी तोंड वाकडं करायचं. "अगं, हा बालाघाट आहे, काश्मीर नाही," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. माझंही उत्तर ठरलेलं होतं. "मग गिऱ्हाइकाला विचारा ना, त्याला भिंतीवर काय लावायचंय."

माझं माहेर परळीचं. सकाळी पांढरी साडी वाळत घालावी आणि दुपारी काढायला जावं तर ती करडी झालेली, असं ते वीजकेंद्राच्या राखेचं गाव. तुळशीच्या पानावर राख, गच्चीवरच्या मिरच्यांवर राख. अशा ठिकाणी वाढलेल्या पोरीच्या हातात रंग वाढवायची कळ दिली तर ती काय करणार? हिरवं हिरवंच करणार. ह्यांचा जन्म धारूरचा. उघडे डोंगर, किल्ल्याची काळी भिंत, चार बोरी-बाभळी, एवढ्यात ह्यांना सगळं दिसतं. फोटोत जितकं कमी, तितका फोटो मोठा, असं ह्यांचं म्हणणं. क्षितिजाची रेघ फोटोच्या बरोब्बर मध्ये आली की ह्यांना जेवण जात नाही.

एकदा एका सहकारी साखर कारखान्याच्या कॅलेंडरसाठी ह्यांनी उसाच्या फडाचा फोटो काढला. पाऊण फोटो आभाळ आणि खाली बोटभर ऊस. संचालक मंडळी स्टुडिओत आली, फोटोकडे बघत बसली, आणि त्यातले एक जण शेवटी म्हणाले, "सगळं झ्याक हाय, पर ऊस कुटं हाय?" मी त्यांच्यासमोरच वरचं आभाळ कापलं, उसाला हिरवा दिला, आणि तो फोटो वर्षभर तालुक्यातल्या घराघरांत लटकला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भाकरी मात्र माझ्याच हातची खाल्ली.

तेव्हापासून मी कॉम्प्युटरमध्ये एक कायमचं बटण करून ठेवलं आणि त्याला नाव दिलं 'लग्न'. ते दाबलं की हिरवं गर्द होतं, निळं खोल होतं, सगळा फोटो कसा नटून उभा राहतो. बाहेर काढलेला कुठलाही फोटो माझ्याकडे आला की पहिलं 'लग्न' लागायचं, मग बाकीचं. गिऱ्हाईक खूश, मी खूश. ह्यांचं काय ते ह्यांनी बघावं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. एका सकाळी डोंगराकडच्या एका गावातल्या मावशी स्टुडिओत आल्या. त्या गावातल्या बायकांनी मिळून दूध संस्था काढलेली, तिच्या ह्या अध्यक्ष. पन्नाशी ओलांडलेली बाई, डोक्यावरचा पदर घट्ट, आणि बोलणं मोजकं. संस्थेला गावात चारा छावणी उघडायची होती. छावणी मिळाली की जनावरं एका जागी दावणीला बांधायची, चारा-पाणी तिथंच. त्यासाठी तहसीलला अर्ज करायचा होता आणि अर्जाला गावच्या तलावाचे फोटो लावायचे होते.

"माय, फोटो असा पायजे की साहेबाला खुर्चीत बसून आमचं तळं दिसावं," मावशी म्हणाल्या. "दोन आठवडे पुरंल एवढा चारा हाय संस्थेत. छावणी न्हाई मिळाली तर गावातली जनावरं बाजारात जातेत."

हे दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. परत आले ते छातीपासून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले आणि चेहऱ्यावर मूल झाल्याचा आनंद. पाझर तलाव सगळा आटलेला, मध्ये खाटेएवढं एक डबकं उरलेलं. ह्यांनी त्या डबक्याच्या काठावर पालथं पडून फोटो काढला होता. पुढे पाणी, पाण्यात उजाडतं आभाळ, मागे बांधाची रेघ, आणि लांब कुठंतरी मुंगीएवढी दोन जनावरं. खोटं कशाला बोलू, फोटो सुंदर होता.

मी 'लग्न' दाबलं. विचार करून दाबलं असं नाही, हात सवयीनं गेला. तलावाच्या पोटात वेडी बाभूळ माजली होती. तिच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही, पण दुष्काळातही ती हिरवी राहते. ती माझ्या बटणानं गव्हाच्या रानासारखी भरून आली. डबकं निळंशार झालं.

"निळं कमी कर," हे म्हणाले.

"तुम्ही डबकं कमी करायचं होतं. अर्ध्या फोटोत पाणीच पाणी."

"ते पाणी नाही, आभाळाचं प्रतिबिंब आहे. तुला नाही कळायचं."

असं चांगलं पंधरा मिनिटं चाललं. निळं किती, कापायचं कुठून, ह्यावर दोघांनी एकमेकांची अक्कल काढली. हा फोटो कशासाठी आहे, हे मात्र दोघांपैकी एकाच्याही तोंडात आलं नाही. शेवटी थोडं माझं, थोडं ह्यांचं करून मी फोटो छापला. मावशी आल्या, फोटो हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. "लई चांगलं दिसायलंय," म्हणाल्या आणि फोटो पिशवीत घालून निघून गेल्या.

पाचव्या दिवशी मावशी परत आल्या. अर्ज माघारी आला होता.

"साहेब म्हणले, तळ्यात पाणी हाय, रान हिरवं हाय, तुमाला छावणी कावून पायजे? दुसरे फोटो आणा म्हणले. मग पाहणी करतेत म्हणं."

मी माघारी आलेला फोटो हातात घेतला. "मावशी, तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमी रोजचं करता. कचेरीत असंच लागत आसंल."

आयुष्यात मला इतकी शरम कधी वाटली नाही. आणि शरम वाटली की मी गप्प बसत नाही, भांडते. मी ह्यांच्या डबक्यावर घसरले, हे माझ्या बटणावर. मावशी खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. आमचा दम संपल्यावर त्या उठल्या. "झालं का? आता उद्या तुमी दोघंबी या. कुटं उभं राहायचं ते मी सांगते."

आम्ही गेलो. हे पहाटे निघू म्हणत होते, मावशींनी दुपारी बोलावलं. भर बाराच्या उन्हात हे कॅमेऱ्याला हातसुद्धा लावत नाहीत, पण त्या दिवशी बोलायची सोय नव्हती. मावशींनी स्वतःची गाय दोरीला धरून आणली होती. देवणी गाय, पांढऱ्या अंगावर मोठे काळे ठिपके. धुळीनं पांढरं आणि काळं एकच झालेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्या तिला तलावात घेऊन खाली उतरल्या. बांधाच्या आतल्या दगडांवर पाण्याची उंची कळायला पांढऱ्या रंगात आकडे लिहिलेले होते. सगळ्यात खालचा आकडा होता, त्याच्या बरोबर खाली त्यांनी गाय उभी केली. आकडा गाईच्या पाठीच्याही वर राहिला.

"ह्या दिसांत पाणी त्या तितं आसतंय," त्यांनी वरचा एक आकडा बोटानं दाखवला. "आता काढा."

"मावशी, गाय एकदम मधोमध यायली," हे कळवळून म्हणाले. "आकडे शिंगांवर चढायलेत."

"चढू द्या, दादा. साहेबाला तेच वाचायचं हाय."

ह्यांनी सरळ उभं राहून फोटो काढला. आभाळ पांढरंफटक, गाय मधोमध, मागे आकडे. स्टुडिओत आल्यावर मी तो उघडला आणि हात मांडीखाली घालून बसले. काही केलं नाही, एक ठिपकासुद्धा हलवला नाही. असला फोटो आमच्या दुकानातून कधी बाहेर गेला नव्हता. मी तो तसाच छापून मावशींच्या हातात दिला.

पाहणी झाली, अर्ज मंजूर झाला, पण पहिल्या अर्जापासून ह्या सगळ्यात तीन आठवडे गेले. छावणी उघडली तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. जनावरं रांगेनं बांधलेली, प्रत्येकाच्या कानात बिल्ला. साखर कारखान्याच्या रानातून चाऱ्यासाठी कापलेल्या उसाचा ट्रक आलेला, आणि बायका पेंढ्या उतरवून घेत होत्या. मी इतकी खूश झाले की ह्यांना म्हटलं, "बघा, शेवटी आपल्याच फोटोनं झालं." आणि ती ठिपक्यांची गाय शोधायला लागले. रांग संपली, गाय दिसली नाही.

"ती गेली," मावशी म्हणाल्या. "मागल्या बाजारात."

संस्थेतला चारा संपत आला होता. उरलेला त्यांनी बाकीच्या बायकांना वाटला, कारण त्या अध्यक्ष. "आदी सोताच्या दावणीला टाकला आसता तर बायांनी काय म्हणलं आसतं?" एवढं बोलून त्या ट्रककडे गेल्या. पहिला फोटो धड असता तर छावणी वेळेवर उघडली असती आणि गाय ह्या रांगेत असती. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ह्यांनाही नव्हती.

त्यानंतर पाऊस उशिरा का होईना, झाला. डोंगर हिरवे झाले, खरेखुरे, माझ्या बटणाशिवाय. दिवाळीच्या थोडं आधी मावशी स्टुडिओत आल्या.

"त्या गाईचा फोटो हाय का गं?"

"आहे की."

"एक मला दे. पर तसा नको." त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. "तुला रंग देता येतो ना? मग तिला दे. ती तशी न्हवती, माय. तिचं काळं काळं कुळकुळीत होतं आणि पांढरं दुधावानी. बरगड्या दिसत्यात त्या झाक."

रंग देणं चूक, असं मी त्या दुष्काळातही म्हटलं नव्हतं आणि आजही म्हणत नाही. मला येतं ते मी केलं. नवऱ्या मुलींचे चेहरे उजळण्यात माझी वर्षं गेली, पण त्या दुपारी जितकं मन लावून बसले तितकी कुठल्याच नवरीसाठी बसले नाही. एकेक बरगडी तिच्याच अंगावरच्या केसांनी भरली. धूळ काढली, काळं काळं केलं. मावशी मध्येच बोट लावून सांगायच्या, "इथं एक बारका ठिपका होता," आणि मी तो ठेवायची.

हे मागे येऊन उभे राहिले. मी त्यांच्या काश्मीरची वाट बघत होते. पण हे खाकरले आणि हळूच म्हणाले, "वरचे आकडे काप. आता कुणाला दाखवायचेत?" मी कापले. गाय एकटी राहिली, मोठी, शांत, आणि तिच्या पायाखाली तलावाची तडकलेली माती.

ती माती मला बघवेना. बाहेर सगळं हिरवं आणि ही अशी उन्हात उभी. माझा हात 'लग्न'पाशी गेला. ह्या वेळी मी विचारलं.

"मावशी, खाली थोडं हिरवं करू का?"

त्यांनी फोटोकडे बघितलं.

"नको, माय," त्या म्हणाल्या. "हिरवं व्हायच्या आदीच गेली ती."