आत्याने आणलेले ताट

कामारेड्डीच्या टोकाला, विडी वळणाऱ्यांच्या आमच्या गल्लीत भूलक्ष्मी राहते. तिचा नवरा लिंगय्या दुसरे घर करून निजामाबादला गेला, तेव्हा कोर्टाने दोन्ही मुलांसाठी त्याच्यावर पोटगी बसवली. थोरल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली, त्याच महिन्यात त्याच्या वाट्याची रक्कम थांबली आणि तो शिक्षण सोडून दुबईला गवंडीकामाला गेला. म्हणून धाकटी श्रावंती अठराची होत आली, तशी भूलक्ष्मीची झोप उडाली. श्रावंतीला नुकताच नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, "मुलाचं अठराला संपतं. मुलीचं लग्न होईपर्यंत बापाकडे मागता येतं. पण नवा अर्ज करावा लागेल."

भूलक्ष्मीला धीर आला. लिंगय्यालाही त्याच्या वकिलाने हेच सांगितले असेल, हे मात्र तिच्या ध्यानात आले नाही.

श्रावंतीच्या अठराव्या वाढदिवसानंतरच्या शुक्रवारी लिंगय्याची बहीण राजव्वा दारात उभी राहिली. हातातील ताटात फुले, केळी, नारळ आणि हिरवी साडी होती. आमच्यात मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क मानतात. आत्याची फुले-फळे मुलीने पदरात घेतली की शब्द पक्का होतो. मी तेव्हा भूलक्ष्मीच्या ओट्यावर विडीची पाने कापत बसले होते. तिच्या मांडीवरचे सूप खाली घसरले.

"वहिनी, बाहेरच उभी ठेवता का? की आत्यालाही अर्ज करावा लागतो?"

"ये ना. पण हे... आत्ताच?"

"मग काय पोर म्हातारी झाल्यावर? माझा पोरगा ट्रॅक्टर चालवतो, ताडीच्या वाटेलाही जात नाही."

"बोनालूचा सण सोडून," मी म्हणाले.

"अक्का, तुम्ही तुमची पानं कापा!"

भूलक्ष्मीच्या तोंडून हो निघेना आणि नाही निघेना. वाईट दिवसांत राजव्वाने तिला तांदूळ पाठवले होते. ते उपकार ती विसरली नव्हती.

श्रावंती बाहेर आली. "आत्या, साडी छान आहे. कोणी घेतली?"

"तुझ्या अप्पानं. लग्नाचा सगळा खर्चही तोच करणार आहे."

"फी मागितली तर पैसे नाहीत म्हणतो, आणि लग्नाला आहेत?"

"लग्नाला एकदाच लागतात, पोरी," राजव्वा बोलून गेली.

तेव्हा भूलक्ष्मीला कंठ फुटला. "राजव्वा, हिचं लग्न झालं की तुझा भाऊ सुटतो. सांगितलं होतं त्यानं तुला?"

"मला म्हणाला, पोरीची काळजी लागून राहिलीय."

"आत्या, मला शिकायचंय," श्रावंती म्हणाली. तिने ओढणी पुढे केली नाही.

राजव्वाने ताट उचलले. "भावाला काय बोलायचं ते मी बोलेन. पण दारातून ताट परत गेलंय, वहिनी. यापुढे तांदूळ मागायला माझ्याकडे येऊ नका."

नवा अर्ज दाखल झाला आहे. चांगले स्थळ मुलीनेच नाकारले, असे लिंगय्याचा वकील कोर्टात सांगतो. निकाल लागलेला नाही आणि जुनी रक्कम बंद आहे. पहिली फी थोरल्याने दुबईहून पाठवली. पुढच्या फीचे काय, हे कोणालाच ठाऊक नाही.

सोमवारी श्रावंती कॉलेजच्या बसमध्ये बसली. बस दिसेनाशी झाल्यावर भूलक्ष्मी मला म्हणाली, "अक्का, आता दारात कोणी ताट घेऊन आलं की आधी तुम्ही बाहेर या. मला एकटीला नाही म्हणता येत नाही."