विमलवहिनींची हेराल्ड

विमलवहिनी गेल्या तेव्हा मी कळमेश्वरच्या शाळेत सातवीच्या मुलींना अपूर्णांक शिकवत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला, हेडबाईंच्या खोलीत तुमचा फोन आहे म्हणाला. फोनवर दादा होता, माझा थोरला भाऊ. "शालू, विमल गेली," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "कुठे?" ...आणि विचारून झाल्यावर मला कळलं की तो कुठल्या जाण्याबद्दल बोलतो आहे. मी फोन ठेवला आणि परत वर्गात गेले. फळ्यावरचं उदाहरण अर्धं राहिलं होतं, ते पुरं केलं, मुलींकडून उत्तर वदवून घेतलं, हातावरचा खडू झटकला आणि मग एसटी स्टँडवर गेले. बसमध्ये शेजारच्या बाईने पेरू दिला तो मी खाल्ला. नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते, पण काय पाहिलं ते आठवत नाही.

सक्करदऱ्याला दादाच्या घरासमोर माणसं जमली होती. त्यातला जो तो दादाजवळ येऊन हळूच एकच विचारत होता, "गाडीनंच ना गा?" ही गाडी बाईचा जीव घेणार, असं सगळ्या मोहल्ल्याने वर्षानुवर्षं सांगून ठेवलेलं होतं. दादा प्रत्येकाला त्याच आवाजात सांगत होता, "नाही. चहा गाळून राहिली होती." खरंच तसंच झालं होतं. सकाळी ओट्यापाशी उभ्या असताना डोक्यातली कुठलीशी नस फुटली आणि त्या खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. दवाखान्यात न्यायचीही गरज पडली नाही. आता महिना उलटून गेला. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. मी वाट पाहते आहे, पण तसं काही आत हलताना जाणवत नाही, म्हणून निदान जे झालं ते नीट सांगावं असं ठरवलं.

ती गाडी म्हणजे हेराल्ड. दोन दारांची, फिकट निळ्या रंगाची. तिचं पुढचं अख्खं तोंड, बॉनेट मडगार्डांसकट, मगरीच्या जबड्यासारखं उघडायचं. दादा सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. धंतोलीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना गाडी चालवणं झेपेनासं झालं तेव्हा त्याने ती घेतली. आम्ही कोष्टी, बाबा गेले त्याच वर्षी घरातला माग बंद झाला होता, आणि मागाच्या जागेवर चारचाकी उभी राहिली याचं आईला फार अप्रूप. ती रविवारी नऊवारी नेसून मागच्या सीटवर बसायची आणि जवळच्या तलावाला एक फेरी मारून यायची. कुठे जायचं नसायचं. नुसतं बसायचं.

विमलवहिनी उमरेडच्या. त्यांच्या माहेरी माग चालू होता, लग्नाआधी त्या स्वतः लुगडी विणायच्या. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. एकदा दादा स्कूटरवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये गेला, कचेरीत जायची पंचाईत झाली. वहिनी म्हणाल्या, मले शिकवा. दादाने शेजारी बसून, प्लास्टरचा पाय कसाबसा आत घेऊन, त्यांना गाडी शिकवली. मोहल्ल्यातली पोरं मागे धावायची. मी विचारलं, "वहिनी, हात-पाय एका टायमाले कसे चालवता वं?" तर म्हणाल्या, "मागावर अजून काय करतो आपण, शालूबाई? पाय खाली पावड्या दाबते, हात वर धोटा फेकते. इथं तर बसाले गादी पन आहे."

मग त्यांना मुलगी झाली. चिमी. ती रांगायला लागली आणि तापात गेली. त्यावर मी अधिक लिहिणार नाही. वहिनींचं हसणं बंद झालं, हळूहळू बोलणंही. त्या सगळी कामं करायच्या, विचारलं तर उत्तर द्यायच्या, पण ताटात वाढल्याशिवाय खायच्या नाहीत आणि वाढलेलं संपलं की नाही हेही त्यांच्या लक्षात यायचं नाही. बाया यायच्या, डोळे पुसायच्या, देवाची मर्जी म्हणायच्या. वहिनी ऐकून घ्यायच्या. त्यांच्या तेव्हाच्या चेहऱ्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. आता लागतो.

त्याच सुमारास दादा कचेरीच्या कामाने मद्रासला गेला आणि तिथे शहराबाहेर, लढाईच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर, मोटारींच्या शर्यती पाहून आला. राजेमहाराजांच्या गाड्या होत्या, तशाच साध्या घरगुती गाड्याही होत्या, आतलं सामान काढून हलक्या केलेल्या. घरी आल्यावर त्याने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन हेराल्डची मागची सीट काढली आणि बैठकीत आणून ठेवली. मग पायाखालची जाजमं, दारांची अस्तरं, पुढचा-मागचा बंपर. आई दारात उभी राहून पाहत होती. "काहून गा गजू? बसाची गाडी आणली, अन् बसालेच जागा नाही ठेवली?" दादा म्हणाला, "हलकी करून राहिलो, आई." आई म्हणाली, "तुह्या डोक्यापेक्षा हलकी होईन का थे?"

त्याच्याजवळ होतं फक्त कौशल्य आणि हट्ट. जे काढून टाकता येईल ते आधी काढायचं, जे भंगारात मिळेल ते आणायचं, नवं काही घ्यायचंच नाही, हा त्याचा नियम. मागच्या काचांच्या जागी प्लास्टिकचे पत्रे बसले. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून चालकाच्या डोक्यावरून जाणारी कमान नळाच्या जाड पाइपची केली. पाइपात वाळू ठासून, भट्टीवर लाल करून तो वाकवला, म्हणजे चेपत नाही. कमरेचा पट्टा हवाई दलाच्या भंगारातून आला. जोर वाढावा म्हणून इंजिनाचं हेड एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये घासून पातळ केलं, सायलेन्सर आखूड केला, आणि पहिल्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा समोरच्या गवळ्याच्या म्हशी दावं तोडून तलावाकडे पळाल्या.

एके दिवशी मी गाडी उभी असायची त्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकावले तर वहिनी तिथे पालथ्या घमेल्यावर बसलेल्या. हातात चिंधी, मांडीवर इंजिनाचे व्हॉल्व्ह, रॉकेलमध्ये बुडवून एकेक पुसत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, हात खराब होतील." त्या म्हणाल्या, "इथं कोणी समजावत नाही, शालूबाई." त्यानंतर त्या रोज तिथे असायच्या. दादा काही शिकवायचा नाही, त्या काही विचारायच्या नाहीत. एकाने हात पुढे केला की दुसऱ्याने नेमकं हत्यार त्यात द्यायचं. त्या दोघांनी एकमेकांशी चिमीबद्दल कधी बोलून घेतलं का, मला माहीत नाही. मला वाटतं, नाही.

हेराल्डच्या मागच्या चाकांची एक खोड होती. जोरात वळण घेताना भीती वाटून मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की मागचं चाक पोटाखाली दुमडल्यासारखं व्हायचं आणि गाडीचा मागचा भाग सरळ बाहेर फेकला जायचा. दादाने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगचे काही पाटे काढून गाडी खाली बसवली, त्याने खोड कमी झाली, गेली नाही. उमरेडच्या बाजूला एक नवा रस्ता बांधून तयार होता, वाहतूक सुरू व्हायची होती. रखवालदाराला विचारून आम्ही रविवारी सकाळी गाडी तिथे नेली. दादा हेल्मेट घालून बसला. पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि धुळीत उलट्या तोंडाने उभी राहिली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तो खाली उतरला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. "पाय उचलला जाते, विमल," तो म्हणाला. "मले माहीत आहे उचलायचा नाही. तरी उचलला जाते."

वहिनी म्हणाल्या, "द्या."

हेल्मेट त्यांना मोठं होत होतं, म्हणून आत पंचा गुंडाळला. पदर खोचला. त्या गेल्या, वळणावर गाडीचा आवाज जराही कमी झाला नाही, मागचा भाग थोडा हलला आणि सावरला, आणि गाडी पलीकडे निघून गेली. दादा माझ्याकडे बघून हसला, मग लगेच त्याचं हसू उतरलं. स्वतः इतकी मेहनत करून बनवलेली गाडी आपली नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. वहिनी परत आल्यावर त्याने विचारलं, "भेव नाही वाटलं?" त्यांनी जरा विचार केला. "नाही वाटलं जी," म्हणाल्या. "काहीच नाही वाटलं."  मला वाटलं, दादा आता गाडी विकून टाकेल. कारण ते उत्तर चांगलं नव्हतं. पण तो म्हणाला, "पुन्हा एकदा जाय. या खेपेला वळणाच्या जरा आधी आत घे."

आईने वहिनींना शर्यतीसाठी मद्रासला जाऊ द्यायला साफ नकार दिला. "एक लेकरू गेलं, आता सून पन द्यायची का म्या?" ती म्हणाली. शेवटी वहिनीच तिच्याजवळ जाऊन बसल्या. "आई, मी येतो ना परत," एवढंच म्हणाल्या.  निघायच्या दिवशी दशम्यांचं फडकं तिनेच गाडीत ठेवलं.

शर्यतीची गाडी न्यायला वेगळा ट्रक नव्हता. तीच गाडी चालवत जायची, तीच पळवायची, तुटली नाही तर तिच्यातूनच परत यायचं. मी मागे सीटच्या जागी घोंगडीवर, स्टेपनीला टेकून. हिंगणघाट, आदिलाबाद, हैदराबाद... कान बधिर झाले होते. धावपट्टीवर पोचलो तेव्हा नाव लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी दादाला हेल्मेट दाखवायला सांगितलं. दादाने वहिनींकडे बोट केलं. त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, लुगड्यातल्या बाईकडे पाहिलं, गाडीभोवती फेरी मारून नळाच्या पाइपाची कमान हलवून बघितली. ती हलली नाही. मग एवढंच म्हणाले, पायघोळ कपडा चालणार नाही. वहिनींनी दादाची पँट घातली, कमरेला सुतळी बांधली.

छोट्या गाड्यांच्या शर्यतीत त्या सगळ्यात मागून निघाल्या. गवताच्या पेंढ्या आणि रिकामे पिंप ठेवून वळणं केलेली होती. ऊन असं की डांबरावरची हवा थरथरत होती. दादा दोरीला धरून उभा होता आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "सोडू नको, सोडू नको." मधेच कधीतरी त्यांच्या पुढची गाडी वळणावर फिरली आणि आडवी आली. दादाने डोळे मिटले. मी पाहिलं. वहिनींनी पाय उचलला नाही. पेंढ्या आणि त्या गाडीच्या मधल्या फटीतून, एक पिंप उडवून, निळी हेराल्ड बाहेर आली. पिंप गडगडत आमच्या दिशेने आलं. नंबर पुढून मोजण्यापेक्षा मागून मोजणं सोपं होतं, तरी काही गाड्या त्यांच्या मागे राहिल्या होत्या.

शर्यत संपल्यावर त्या गाडीतच बसून राहिल्या. दादाने धावत जाऊन दार उघडलं, पट्टा सोडवला.  त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि दादाकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "भेव वाटलं हो," त्या म्हणाल्या. "थे गाडी आडवी आली तवा लय भेव वाटलं." आणि मग, "मले भूक लागली."

चिमी गेल्यापासून आम्ही त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. दादा तिथून पळत सुटला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या इडल्या घेऊन आला. वहिनींनी त्या मडगार्डवर बसून, काळ्या हातांनी, सगळ्या खाल्ल्या. आमच्यासाठी एकही ठेवली नाही.

पुढे काही वर्षं हिवाळ्यात ते दोघं जात राहिले. वहिनी कधी जिंकल्या नाहीत. मग चांगल्या गाड्या येऊ लागल्या, हेराल्डचे भाग मिळेनासे झाले, आई थकली. वहिनीच एक दिवस म्हणाल्या, आता पुरे, आईले बसू द्या. बैठकीतली सीट परत गाडीत गेली आणि आई शेवटपर्यंत त्याच गाडीतून दवाखान्यात गेली, विमलनं चालवली तरच. दादाने त्या उमरेड रस्त्यावरच्या सकाळनंतर स्टीअरिंगला हात लावला नाही. तो शेजारी बसायचा.

गेल्या रविवारी त्याने मला म्हटलं, गाडी फार दिवस उभी आहे, बॅटरी बसेल. आम्ही शेडमध्ये गेलो. त्याने दार उघडलं आणि आत बसायला लागला, तर त्याला बसताच येईना. वहिनी ठेंगण्या होत्या. त्यांचे पाय पोचावेत म्हणून त्यानेच कधीकाळी चालकाची सीट पुढे घेऊन, खाली बोल्टने कायमची आवळून टाकली होती. तो उंच माणूस तिरका होऊन कसाबसा आत शिरला. गुडघे स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले. मी म्हटलं, "दादा, पाना आणू का? सीट मागं घेऊ."

"राहू दे," तो म्हणाला.

गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. तलावाला आम्ही एक फेरी मारली, अगदी हळू. प्रत्येक वळणावर त्याला एक गुडघा बाजूला घ्यावा लागत होता. तो घेत होता.