मंग पुढं काय झाला?

रत्नागिरीत भावाभावांची जेवढी भांडणं चालू आहेत, त्यांतली निम्मी आमच्या इंजिनवाल्या काकांनी मिटवायला घेतली आहेत आणि म्हणूनच ती अजून चालू आहेत, असं मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे आणि त्याला लागून काकांचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. त्यामुळे खोकल्याची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता अब्राहाम, इसहाक, याकोब, योसेफ हे सगळं खानदान मला पाठ झालं. काका ख्रिस्ती आहेत. पण या मंडळींबद्दल ते जे बोलतात ते धर्माचं वाटतच नाही, हे लोक कालपरवापर्यंत मागच्या आळीत राहत होते आणि त्यांच्या घरची धुणी-भांडी काकांना आतून माहीत आहेत, असंच वाटतं. अब्राहाम म्हातारपणी घरदार सोडून देवाच्या एका शब्दावर निघाला, हे सांगताना ते हमखास माझ्याकडे बघून म्हणतात, "आणि डॉक्टर, तुम्हाला इथल्या पावस गावाला जायचं तर चार वेळा गॅस बघायला घरात परत." मी डॉक्टर नाही, औषधं विकतो. पण काकांनी एकदा दिलेली पदवी काढून घेता येत नाही.

त्यांच्या अंगाला डिझेलचा वास येतो. येतो म्हणजे काय, आधी वास येतो आणि मग काका येतात. रविवारी चर्चला जाताना ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालतात, त्याच्या खाली दोनदा साबण लावलेली आंघोळ असते, तरी शेजारच्या बाकावरच्या बाई खिडकी उघडतात. दुसरं म्हणजे त्यांना घाई हा प्रकारच ठाऊक नाही. एकदा वर्कशॉपमधल्या तेलकट चिंध्यांनी पेट घेतला, तेव्हासुद्धा ते चालत बाहेर आले, माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "बादली असली तर बघा जरा." त्यांना धावताना पाहिलेला माणूस या रस्त्यावर नव्हता. गुडघे दुखतात म्हणून ते माझ्याकडून मलम नेतात आणि तेही उद्या लावू म्हणून ठेवून देतात.

कोणी इंजिन घेऊन आला की काका आधी त्याच्या घरची चौकशी करतात. घरात कुरबुर आहे असं कळलं की इंजिनाचा नोझल बाजूला राहतो. वरच्या अंगाच्या एका गावातले दोन भाऊ पाण्याचा पंप दुरुस्तीला घेऊन आले होते. त्यांची काजूची बाग वाटायची होती. काकांनी त्यांना अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांची गोष्ट सांगितली. चुलता असून अब्राहाम म्हणाला, तू डावी बाजू घे की उजवी, उरेल ती माझी. लोटाने हिरवीगार बाजू उचलली आणि पुढे त्याचं वाटोळं झालं. दोघे भाऊ ऐकून गहिवरले आणि पंप घेऊन गेले. तेव्हापासून त्या बागेची वाटणी अडकली आहे, कारण आता दोघांपैकी कोणीच आधी बाजू निवडायला तयार नाही. जो तो दुसऱ्याला म्हणतो, "तू घे, तू घे." काका मात्र ही आपली सर्वांत यशस्वी मध्यस्थी मानतात. माझ्या घरातही त्यांनी असाच प्रकाश पाडला. मी धाकट्या मुलीला रंगीत पट्ट्यांचा रेनकोट आणला, तो त्यांनी दोरीवर वाळताना पाहिला. ते आत येऊन बसले. मग योसेफाला बापाने आणलेला झगा, त्यावरून जळलेले भाऊ, तो खड्डा, ते मिसरला निघालेले व्यापारी, सगळं निघालं. मी त्याच संध्याकाळी थोरलीसाठी तसलाच रेनकोट आणला. थोरली तेव्हा कॉलेजात होती, तिने तो आजतागायत घातलेला नाही.

एकच गोष्ट काका कधी पुरी करत नसत. ती म्हणजे एसाव आणि याकोब यांची. याकोब धाकटा, एसाव थोरला. बाप इसहाक आंधळा झालेला. धाकट्याने थोरल्याचे कपडे घातले, बापाने वास घेतला, हा थोरलाच म्हणून डोक्यावर हात ठेवला आणि थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला देऊन टाकला. रानातून परतलेला एसाव मोठ्याने रडला. इथे काका पाना उचलत आणि म्हणत, "झालं. आज नोझल काढायचाय."

ह्या अर्धवट गोष्टीने सर्वांत जास्त छळलं ते चाचांना. चाचा म्हणजे दोन बोटींचे मालक, काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. चाचा मुसलमान, त्यामुळे इब्राहीम, इसहाक, याकूब, यूसुफ ही माणसं त्यांचीही पिढीजात ओळखीची. उच्चार कोणाचा खरा यावर दोघांचं वाजत असे, पण यूसुफच्या भावांचा विषय निघाला की दोघे एकदम माना हलवत. एसाव मात्र चाचांच्या ओळखीत नव्हता. "आमच्यात ह्यो भाऊच नाय," ते म्हणत. "आनि याकूब नबी असा करनार नाय. केला असंल तं माफी मांगितली असंल. ती सांग ना मिस्त्री. मंग पुढं काय झाला?" नबी म्हणजे देवाचा प्रेषित, तेव्हा हा याकूबच्या अब्रूचा प्रश्न होता. चाचा दर खेपेला विचारत, काका दर खेपेला नोझल काढत. इंजिनात काही बिघाड नसतानाही चाचा ते तपासायला आणू लागले.

मला पुढचं ठाऊक नव्हतं, पण काका का थांबतात ते ठाऊक होतं. एका संध्याकाळी त्यांनीच सांगितलं होतं. या जिल्ह्यात भाऊ भावाशी बोलत नसला तर मध्ये जमीन असते, आंब्याचं झाड असतं, निदान सामायिक विहीर असते. काकांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या मध्ये यातलं काहीच नव्हतं. त्यांचे वडील शेवटी दृष्टी गेलेले, अंथरुणाला खिळलेले. काकाच त्यांचं सगळं करत. त्या दिवशी काका एका बोटीवर अडकले आणि शाळामास्तर असलेला धाकटा हर्णेहून भिजून आला. अंगात घालायला खुंटीवरचा काकांचा शर्ट घेतला. म्हाताऱ्याला डिझेलचा वास आला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, थोरल्यासाठी साठवलेलं सगळं बोलले आणि संध्याकाळी गेले. धाकट्याने स्वतःच रडत रडत हे सांगितलं. बाबा इतके शांत दिसत होते की मी दादा नाही हे सांगवेना, म्हणाला. काका तेव्हापासून त्याच्याशी बोलले नाहीत. आशीर्वादावरून अबोला धरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी हसणार होतो, पण काकांचा चेहरा बघून राहिलो.

मग चाचांची बोट मासळी घेऊन हर्णेच्या लिलावाला गेली. तिथे त्यांना किनाऱ्यावर एक निवृत्त मास्तर भेटले, ख्रिस्ती आहेत असं कळलं. चाचांनी मासळीचा भाव ठरायच्या आधी विचारलं, याकूबचा पुढं काय झाला? मास्तरांनी विचारलं, ही गोष्ट तुम्हाला अर्धी कोणी सांगितली? चाचांनी सांगितलं, रत्नागिरीचा एक मिस्त्री आहे, डिझेलच्या वासाचा.

दुसऱ्या दिवशी चाचा वर्कशॉपात आले तेव्हा त्यांच्या हातात मास्तरांनी दिलेला स्टीलचा डबा होता. डब्यात मसुरीची आमटी. एसावाने भुकेपोटी आपला थोरलेपणा याकोबाला विकला तो मसुरीच्याच वरणावर, हे तुम्हाला ठाऊक नसेल, पण पत्र्याच्या अलीकडे मला बरोबर कळलं. चाचा म्हणाले, "मास्तर बोलले, पुढचा थोरल्याने सांगायचा. धाकट्याला फक्त वाकून यायचा होता, तो येतोय. गुरुवारी, एसटीने. डोळ्याच्या ऑपरेशनला."

काकांनी डब्याचं झाकण उघडलं. आमटी त्यांनी तिथेच, उभ्याने, पावाने पुसून खाल्ली. बुधवारी ते माझ्या बायकोकडे आले. डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यात काय घालू, असं त्यांनी विचारलं. तिने विचारलं, भावाला काय आवडायचं? काका म्हणाले, "कुळथाची पिठी. पण ती मीच करीन."

गुरुवारी काका डबा घेऊन स्टँडवर उभे होते, चाचा आले होते, मीही दुकान बंद करून गेलो होतो. हर्णेच्या बाजूने येणारी दापोलीची गाडी लागली. काठी टेकत एक बारीक म्हातारा उतरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे उतरल्यावर तो भलत्याच दिशेला तोंड करून उभा राहिला आणि तिकडेच हात जोडून वाकला. समोर पेरूवाली होती. ती घाबरली.

आणि काका धावले. ज्या माणसाला आग लागल्यावर धावता आलं नाही, तो पिशव्या, रिक्षावाले, कुत्री यांच्यातून लंगडत धावला. हातातल्या डब्याचं झाकण सुटलं, पातळ पिठी शर्टावर सांडली. त्यांनी भावाला मागून गच्च धरलं. मास्तर वास घेऊन म्हणाले, "दादा. डिझेल. आणि कुळीथ."

काकांनी त्यांना आपल्याकडे वळवलं. मास्तर म्हणाले, "वाक जरा. बाबांनी माझ्याकडे दिलेलं तुझ्यापर्यंत पोचवायचं राहिलंय." काका त्या दुखऱ्या गुडघ्यांवर वाकले. मास्तरांनी चाचपडत त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी बोलले. माझ्या शेजारी चाचांनी रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, "हां. मंग असा झाला."

आता काका ती गोष्ट शेवटपर्यंत सांगतात. याकोब वाकत वाकत आला, एसाव धावला, गळ्यात पडला. धावण्यापाशी आले की त्यांना खोकला येतो, डिझेलचा धूर, असं म्हणतात. त्या वेळी इंजिन बंद असतं. वडील काय बोलले होते ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. चाचांनी एकदा विचारलं, तेव्हा काकांनी नोझल काढला. महिन्यातून एकदा हर्णेहून तो स्टीलचा डबा येतो आणि भरून परत जातो. मी पत्र्याच्या अलीकडे बाटल्या पुसत बसतो. माझाही एक भाऊ मुंबईला असतो, त्याला बरेच दिवसांत फोन केलेला नाही, हे त्या खोकल्याच्या वेळी मला दर वेळी आठवतं.